मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि हँडब्रेक : सातारच्या एका वर्कशॉपच्या कामाचे परीक्षण

जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला, आमची डोंगरउताराची शेती आहे. वरच्या वावरापासून खालच्या शेडपर्यंतचा दीड किलोमीटरचा कच्चा रस्ता सुमारे 180 मीटर खाली उतरतो आणि त्यावर गेली अकरा वर्षे एक जुनी पिकअप फेऱ्या मारते : पावसाळ्यात शेणखत, भाताची रोपे आणि वैरण, तर डिसेंबरपासून मार्चपर्यंत स्ट्रॉबेरीचे क्रेट. या पिकअपच्या मागच्या एक्सलवरचे ड्रम ब्रेक काढून तेथे हँडब्रेकसह डिस्क ब्रेक बसवण्याचे काम मी गेल्या वर्षी मे महिन्यात सातारच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपकडून करून घेतले. एक पूर्ण पावसाळा आणि स्ट्रॉबेरीचा एक हंगाम पार पडल्यावर, म्हणजे ब्रेक चिखलातही वापरून झाला आणि धुळीतही, मगच हे लिहायला घेतले आहे. वर्कशॉपचे नाव देत नाही, कारण कौतुकाइतक्याच तक्रारीही आहेत.

मुळात हे काम करावे का लागले, ते आधी सांगतो. ड्रम ब्रेक वाईट असतो असे माझे मत नाही. ड्रममध्ये कमानीसारखे दोन शू आतून ड्रमला दाबतात आणि चाकाच्या फिरण्यानेच त्यातला एक शू ड्रमवर आणखी घट्ट ओढला जातो, त्यामुळे पायाच्या थोड्या जोरावरही तो चांगला लागतो आणि हँडब्रेकसाठी तर ड्रमसारखी सोपी रचना दुसरी नाही. पण आमच्याकडचा तांबड्या मातीचा रेंदा एकदा ड्रममध्ये शिरला की बाहेर पडायला वाट नसते. तो लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, आणि ड्रम यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. मी दोन वर्षांत दोनदा नवे लायनर बसवले आणि दोन्ही वेळा दसऱ्यापर्यंत ते रिव्हेटला लागले. त्यात एका बाजूच्या एक्सल सीलमधून ऑइल झिरपत होते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शेणखत भरत असताना हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी दहा फूट मागे आली आणि फणसाच्या बुंध्याला टेकून थांबली. मागे कोणी उभे नव्हते, म्हणूनच हे परीक्षण शांतपणे लिहिता येत आहे.

म्हणजे माझी गरज वेगाने धावणाऱ्या गाडीला चटकन थांबवण्याची नव्हतीच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरणारी गाडी इंजिनच बरीचशी धरून ठेवते. माझी गरज अशी होती की ओल्या उतारावर भरलेली गाडी अर्धा-पाऊण तास उभी करावी, बायामाणसांनी हौद्यात चढून माल लावावा आणि प्रत्येक वेळी चाकाखाली दगड शोधत फिरावे लागू नये. मागच्या चाकांना डिस्क बसवण्याच्या कामात खरी परीक्षा डिस्कची नसते, हँडब्रेकची असते. आणि नेमक्या याच बाबतीत वर्कशॉपचे पहिले पाऊल चुकले.

पहिल्या भेटीत मुख्य मिस्त्रींनी सांगितले, "सर, डिस्क-कॅलिपर बसवून देतो. हँडब्रेकचं टेन्शन घेऊ नका, लाइनमध्ये एक व्हॉल्व्ह टाकू. पेडल दाबायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा, चाकं जाम." (कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये आवळणारा चिमटा.) हा उपाय ऐकायला सोपा वाटतो आणि तो स्वस्तही आहे, पण त्याला हँडब्रेक म्हणता येत नाही. उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल तापलेले असते. ते थंड होताना आकसते आणि कोंडून ठेवलेला दाब हळूहळू उतरतो. कुठे एखादा सील किंचित झिरपत असेल, तर उरलेला दाबही जातो, आणि तो गेल्याचे गाडीत बसलेल्या माणसाला कळत नाही, कारण गाडीत कोणी बसलेलेच नसते. उभ्या गाडीला धरून ठेवणारी वस्तू लोखंडाची हवी, म्हणजे तार, खटका, दाते अशी, तेलावर विसंबलेली नको. मी हे स्पष्टपणे सांगितल्यावर मिस्त्रींनी वाद घातला नाही. "बरं, तुमचं बरोबर आहे, पण मग खर्च वाढेल," एवढेच ते म्हणाले. चूक दाखवल्यावर ती ऐकून घेणारा कारागीर मिळणे सोपे नाही, म्हणून हा त्यांचा पहिला गुण मी येथे नोंदवतो.

आता पर्याय दोन उरले. पहिला म्हणजे ज्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकचा खटका असतो तो : तार ओढली की आतला स्क्रू फिरतो आणि पिस्टन पॅडवर दाबला जातो. अनेक मोटारींत ही रचना असते. तिची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे पॅड झिजतील तसा खटका आपोआप जुळून यावा यासाठी हँडब्रेक नियमित वापरात असावा लागतो, नाहीतर लिव्हर वर-वर येत जातो. दुसरे दुखणे आमच्या दृष्टीने जास्त गंभीर होते : तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून गाडी उभी केली आणि डिस्क थंड झाली, की ती किंचित पातळ होते, पकड सैल पडते आणि थोड्या वेळापूर्वी घट्ट उभी असलेली गाडी सरकू शकते. दुसरा पर्याय म्हणजे डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागातच एक छोटा ड्रम असतो आणि त्यात फक्त हँडब्रेकसाठी दोन लहान शू बसवलेले असतात. पेडलचे काम डिस्क करते आणि उभे राहण्याचे काम हा ड्रम करतो. या शूंना धावत्या गाडीत घासावे लागत नाही, म्हणून ते फारसे तापत नाहीत आणि झिजतही नाहीत. शिवाय ही रचना बहुधा अशी असते की गाडी पुढे ओढली जावो वा मागे, एक शू दुसऱ्याला ढकलून पकड वाढवतो. मी हा दुसरा पर्याय निवडला आणि वर्कशॉपने एका अपघातग्रस्त एसयूव्हीच्या मागच्या चाकांचा असा पूर्ण संच जुन्या बाजारातून मिळवला.

यापुढचे लेथवरचे काम हा या वर्कशॉपचा सर्वांत बळकट भाग आहे आणि त्याबद्दल मला हातचे राखून काही लिहायचे नाही. ड्रमची मागची ताटली एक्सल हाउसिंगच्या फ्लँजवर चार बोल्टांनी बसते आणि बेअरिंग जागेवर धरून ठेवण्याच्या रचनेत त्या ताटलीची जाडीही हिशेबात असते. ती काढून तिथे कॅलिपर धरणारा नुसता ब्रॅकेट ठोकला आणि जाडीत फरक पडला, की बेअरिंग एकतर सैल राहते किंवा अवाजवी दाबले जाते. लेथवरच्या अण्णांनी जुनी ताटली काढल्याबरोबर मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजली, तेवढ्याच जाडीची कडी वळवली आणि मगच ब्रॅकेटला हात घातला. ब्रॅकेट 12 मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून कापले असून बोल्ट 10.9 या उच्च ताकदीच्या ग्रेडचे वापरले आहेत. डिस्कचे मधले भोक आमच्या एक्सलच्या खांद्यापेक्षा मोठे होते, त्यासाठी त्यांनी मध्ये बसणारी रिंग तयार केली, म्हणजे डिस्क चाकाच्या बोल्टांवर लोंबकळत न राहता मध्यावर बसते. शेवटी डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवली तेव्हा काटा जेमतेम 0.06 मिलिमीटर हलला. मी वर्गात वर्षानुवर्षे लघुतममाप, म्हणजे उपकरणाने मोजता येणारे सर्वांत लहान माप, शिकवले, पण त्याचा इतका चोख उपयोग फार क्वचित पाहिला आहे. झिरपणारे एक्सल सीलही त्यांनी याच वेळी, मी न सांगता, बदलले.

या चोख कामानंतर फिटिंगमध्ये जे झाले ते मात्र अनाकलनीय होते. गाडी जोडून तयार झाली, पण पेडल स्पंजासारखे दबत होते. दोन दिवस दोन मुले ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली एअर काढत बसली आणि ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या संपल्या. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा चहा घेऊन आलेल्या पोराने विचारले, "सर, ही निपलं खाली कशी काय?" डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. ब्रॅकेट दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने बोल्ट बिनतक्रार लागले, मात्र एअर काढण्याची निपले वर येण्याऐवजी खाली गेली. हवा वर जाते हे आपण सातवीच्या आधीच शिकतो, पण वर्कशॉपमध्ये ते दोन दिवस कोणाला आठवले नाही. कॅलिपर अदलाबदल केल्यावर वीस मिनिटांत पेडल दगडासारखे झाले. त्या तीन बाटल्यांचे पैसे बिलात लावले होते, ते मी कमी करून घेतले.

दुसरी अडचण त्याहून बारीक होती आणि ती शोधण्याचे श्रेय मिस्त्रींना द्यावे लागेल. आवारात चार चकरा मारल्या की पाय न लावताही मागच्या डिस्क हाताला चटका बसण्याइतक्या तापत. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणारा भाग. ड्रमसाठी बनवलेल्या काही मास्टर सिलिंडरमध्ये मागच्या लाइनवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पेडल सोडल्यानंतरही सुमारे 10 पीएसआय, म्हणजे अगदी थोडा, दाब राखून ठेवतो. ड्रममध्ये शू मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा असल्याने हा दाब खपून जातो. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात, म्हणून पॅड सतत घासत राहतात. आमच्या मास्टर सिलिंडरमध्ये तो व्हॉल्व्ह निघाला, तो काढल्यावर डिस्क थंड राहू लागल्या. ज्यांना असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी ही तपासणी चाके जोडण्याच्या आधीच करून घ्यावी. मास्टर सिलिंडरचे माप कॅलिपरच्या पिस्टनला पुरे पडते की नाही, हेही तेव्हाच पाहावे, कारण कॅलिपरला ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा बरेच जास्त तेल लागते आणि माप कमी पडले तर पेडल फार खाली जाते. आमच्याकडे ते सुदैवाने जेमतेम पुरले.

रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा तोल हा तिसरा मुद्दा होता. पिकअपच्या हौद्याखाली, एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी रिकामी असताना मागचा भाग वर उचललेला राहतो, ते ओळखून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. ब्रेक बदलला की या दांडीचे जुने माप निरुपयोगी होते. पहिल्याच दिवशी ओल्या जांभ्यावर रिकामी गाडी उतरवताना मागची चाके आधी जाम होऊन शेपूट बाजूला सरकली. मी गाडी परत न्यायला तयार नव्हतो, म्हणून मिस्त्री स्वतः मेढ्याला आले, त्यांनी दांडीचा नट फिरवून पाच वेळा उतार उतरून पाहिला आणि पुढची चाके आधी जाम होतात याची खात्री करून मगच ते जेवायला बसले. येण्याजाण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता हँडब्रेक. पहिल्या जोडणीत वर्कशॉपने जुनीच तार पुढे एक तुकडा जोडून वापरली होती. लिव्हर अकरा दात वर यायचा आणि डावी बाजू उजवीपेक्षा आधी लागायची. अशा जोडावर भरलेली गाडी सोडून जायला मी तयार नव्हतो. चार दिवस वाट पाहून दोन्ही बाजूंच्या नव्या तारा करून घेतल्या आणि दोन्ही तारांत ओढ सारखी वाटणारा मधला बॅलन्सर सरळ केला. मग शूची बैठक जमवायची राहिली. नवे शू लहान ड्रमला सुरुवातीला फक्त मध्यभागी टेकतात, म्हणून मोकळ्या जागेत मंद वेगाने गाडी चालवत हँडब्रेक हलका ओढून त्यांना घासून बसवावे लागते. नंतर डिस्कमधल्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून शूचे अंतर जुळवणारी चक्री फिरवायची, शू घासू लागले की दोन-तीन दाते मागे घ्यायची. हे वर्कशॉपने केले नव्हते. ते मी शेडसमोर केले आणि लिव्हर सहाव्या दातावर आला.

परीक्षा घेण्याची माझी पद्धत जुन्या मास्तराची होती. मीटरभर लांबीची फळी, तिच्यावर पाणसळ, आणि खालचे टोक जमिनीपासून 18 सेंटिमीटर वर येईल असा रस्त्याचा तुकडा शोधला. हा आकडा मी मनाने घेतलेला नाही : भरलेले वाहन 18 टक्के चढावर हँडब्रेकवर उभे राहिले पाहिजे, अशी अट संयुक्त राष्ट्रांच्या ईसीई आर-13 या ब्रेकविषयक नियमावलीत आहे. क्रेटसह आमच्या गाडीचे वजन सुमारे 2,200 किलो भरते, म्हणजे त्या चढावर ती साधारण 390 किलोच्या ओढीने खाली जाऊ पाहते. गाडी आधी मुद्दाम ब्रेक तापवत खाली आणली, मग न्यूट्रलमध्ये टाकली, खालच्या अंगाच्या चाकांपासून वीतभर अंतरावर दगड ठेवले, हँडब्रेक ओढला आणि टायर व जमीन दोन्हींवर खडूने रेघ मारली. शू जमवण्याआधी चाळीस मिनिटांत रेघा अर्ध्या इंचाने सरकल्या होत्या. शू जमवल्यानंतर तोंड वर करून आणि तोंड खाली करून, अशा दोन्ही दिशांना, तासभर ठेवूनही त्या जुळलेल्याच राहिल्या. ऑगस्टच्या धो धो पावसात हीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हाही फरक पडला नाही.

पेडलचा अनुभव थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ओढा ओलांडून आल्यावर ड्रम कितीतरी वेळ लागत नसत. डिस्क दोन हलक्या दाबांत कोरडी होते. 2,200 किलोची गाडी 180 मीटर उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे 12 लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते, म्हणजे अंघोळीची बादली कडकडीत तापेल इतकी. इंजिनने तिच्यातला मोठा वाटा घेतला तरी स्ट्रॉबेरीच्या भरात दिवसाला आठ-दहा फेऱ्या होतात, आणि उघड्या डिस्कला ही उष्णता वाऱ्यावर सोडता येते. पेडलला पूर्वीपेक्षा थोडा जास्त जोर लागतो हे मात्र खरे, कारण ड्रमची ती स्वतःहून ओढून घेण्याची खुबी डिस्कमध्ये नसते. आमच्या गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आहे म्हणून ते जाणवत नाही. बूस्टर नसलेल्या गाडीत मी हा बदल करणार नाही.

खर्चाचा तपशील असा : जुना संच 14,000 रुपये, नवे पॅड, शू आणि सील 5,200, प्लेट व लेथचे काम 9,500, तारा, पाइप व होज 3,600, मजुरी 12,000 आणि ब्रेक ऑइलसह किरकोळ 1,400, म्हणजे एकूण 45,700 रुपये. गाडी ट्रेलरवर घालून नेण्या-आणण्याचे 6,000 रुपये वेगळे. तेवढ्या पैशांत ड्रमचे नवे लायनर आणि सील कितीतरी वेळा बदलून झाले असते. ज्यांची गाडी डांबरी रस्त्यावर चालते त्यांनी तेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच दिवसांचे काम सतरा दिवसांवर गेले आणि बिल कच्च्या कागदावर मिळाले. पक्के बिल मागितल्यावर वर्कशॉपमध्ये जी शांतता पसरली ती परीक्षागृहात शोभली असती.

सर्वांत मोठी तक्रार कायद्याच्या बाबतीत आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीतील माहिती वेगळी पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकते. ब्रेक सुधारला आहे, बिघडवलेला नाही, हा युक्तिवाद पासिंगच्या वेळी चालेल अशा भरवशावर राहू नये. विम्याच्या दाव्याच्या वेळीही तेच. मी गाडी आमच्या शेताबाहेर काढायची नाही हे ठरवूनच हे काम केले आणि म्हणूनच ट्रेलरचा खर्च सोसला. पण त्या वर्कशॉपने मला गाडी कुठे चालवणार हे एकदाही विचारले नाही. माझ्यासमोर त्यांनी रोज पुणे-सातारा करणाऱ्या एका भाजीवाल्याच्या गाडीलाही हेच काम सुचवले. त्याला मी बाहेर चहाच्या टपरीवर गाठून कलम 52 समजावून सांगितले आणि तो लायनर बदलायला दुसरीकडे गेला. मिस्त्रींना ते आवडले नसावे.

एक उणीव अजून भरून निघालेली नाही. मूळ ताटली गेल्यामुळे डिस्कची आतली बाजू उघडी पडली आहे. तिच्यासाठी चिखल अडवणारे पत्रे बनवून देण्याचे कबूल झाले होते, पण दिवाळीपर्यंत फक्त आश्वासने मिळाली. शेवटी मी जुन्या पत्र्याच्या पिंपातून दोन अर्धगोल कापून बसवले. तरीही दर महिन्याला चाक काढून, भोकातून पाण्याचा फवारा मारून आतला छोटा ड्रम धुवावा लागतो. रेंदा तिथेही शिरतो, फक्त शू धावताना घासत नसल्याने लायनर खात नाही. तसेच हा संच कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा, हे वर्कशॉपने लिहून दिले नाही. पॅड बदलताना मला ते लागणारच होते. म्हणून कॅलिपरवर ओतीव अक्षरांत असलेले नंबर, पॅडच्या पाठीवरचे नंबर आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी मी तारेच्या ब्रशने घासून वाचून काढली आणि ऑइलपेंटने टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे. डावी डिस्क त्या किमान जाडीपेक्षा सव्वा मिलिमीटरने जाड आहे आणि उजवी दीड मिलिमीटरने. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजेन.